गनीची एकशेपस्तीसची लेन्स

हुरड्याचे दिवस आले की माझं पोट दुखायला लागतं. हुरडा बाधत नाही मला, पंचाहत्तरीतही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन-तीन ओंजळी मी सहज फस्त करतो. हे दुखणं वेगळं आहे. सोलापुरात संक्रांतीच्या आसपास पहाटे जरा बोचरी थंडी पडते, गड्ड्यावर जत्रेचे पाळणे उभे राहतात आणि कुठल्या ना कुठल्या मैदानावर कबड्डीचे सामने लागतात. परवा नातीनं हट्टानं मला अशाच एका सामन्याला नेलं. आता माती गेली, मॅट आली, आणि दिवे इतके की रात्र आहे हे सांगावं लागतं. कडेला पाच-सहा फोटोग्राफर हातभर लांब, जाडजूड लेन्स लावून बसले होते. त्यांतल्या एका मुलीनं मला टक लावून बघताना पाहिलं आणि म्हणाली, आजोबा, बघायचंय का? मी डोळा लावला. चढाई करणाऱ्या पोराच्या पापण्या मोजता येत होत्या. कॅमेरा परत देताना छान आहे म्हणालो, आणि मनात आलं, बरं झालं, ही गनीला मिळाली नाही. पन्नास वर्षं होत आली, तरी पहिला विचार हाच.

गनी म्हणजे अब्दुल गनी, माझा मित्र. त्याचे वडील टांगे रंगवायचे, माझे वडील आप्पा गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. आम्ही दोघं एकाच स्टुडिओत फोटो धुवायला शिकलो, एकाच मालकाच्या शिव्या खाल्ल्या, पुढंमागं सारखाच जर्मन कॅमेरा जुन्यात घेतला आणि दोन गल्ल्यांच्या अंतरावर आपापले स्टुडिओ टाकले. लग्नं वाटून घ्यायचो. कागद संपला तर एकमेकांकडून आणायचो. भांडण असं कधी झालं नाही. जळणं मात्र होतं आणि ते एकट्या माझ्याच बाजूनं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. गनीला गिऱ्हाइकाला हसवता यायचं. मी 'हसा' म्हटलं की माणसं दात दाखवायची, गनीनं नुसतं 'का बे, जेवला का?' विचारलं तरी हसायची. ह्यात त्याची काय चूक? काही नाही. पण जळणाऱ्याला चूक लागत नाही.

आप्पांना माझा धंदा हा धंदाच वाटायचा नाही. आमच्या घरात कानडी बोलायची पद्धत. कानडीत 'सुम्ने' म्हणजे उगीच, फुकाचं. माझ्या कामाला आप्पा सुम्ने काम म्हणायचे. मागांच्या खडखडाटात आठ-आठ तास उभं राहून ज्याचे कान निकामी झाले, त्याला बटण दाबणं हे काम कसं वाटावं? मी दोन-तीनदा त्यांना स्टुडिओत बसवलं. ओळखपत्राला बसावं तसे बसले, कॅमेऱ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही चोरलंय, आणि 'झालं का?' म्हणून धोतर झटकून उठले. फोटो आले तेही तसेच. मुलगा फोटोग्राफर, आणि घरात बापाचा एक धड फोटो नाही.

मी सांगतोय तो हिवाळा बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा, दुसरा की तिसरा. ज्वारी बऱ्याच दिवसांनी छातीएवढी आली होती आणि लोकांच्या तोंडावर रंग दिसत होता. इथल्या एका दैनिकानं ठरवलं की कबड्डीच्या मोसमात रोज सामन्याचा एक फोटो छापायचा, खाली काढणाऱ्याचं नाव घालायचं. जो चांगला आणील त्याचा. मला त्या हिवाळ्यात एवढंच पाहिजे होतं. पेपरात माझा फोटो यावा, खाली माझं नाव असावं आणि जेवणाच्या सुट्टीत तो पेपर गिरणीत आप्पांच्या हाती पडावा. बाकी जग काय म्हणतंय ह्याची मला फिकीर नव्हती.

पण साध्या लेन्सनं कबड्डी काढायला गेलं की खेळाडू मुंगीएवढे येतात. लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे. नवी मिळायची सोय नव्हती, परदेशी माल बंद. जुनीच शोधायची. अशात कळलं, गिरणीतले एक स्पिनिंग मास्तर नोकरी संपवून पुण्याला लेकीकडे निघालेत आणि त्यांच्याकडच्या दोन जुन्या लेन्स काढायच्या आहेत. दोन्ही आमच्या कॅमेऱ्याला आट्यांवर फिरवून बसणाऱ्या. एक एकशेपस्तीस मिलिमीटरची, एक दोनशेची; आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. किंमत सारखीच सांगितली होती. बातमी मला गनीनंच आणून दिली, हे लिहिताना जरा जड जातं.

दुपारी आम्ही दोघं सायकलींवरून मास्तरांच्या बंगल्यावर गेलो. मास्तरांनी टेबलावर फडकं अंथरून दोन्ही लेन्स मांडल्या आणि म्हणाले, आपसात काय ते ठरवा. दोनशेची लांबलचक, काळी, पितळ जरा उघडं पडलेली, हातात घेतली की वजन जाणवायचं. एकशेपस्तीसची आखूड, जाडसर, दिसायला अगदीच गरीब. गनीनं आधी दोनशेची उचलली. बराच वेळ सोडेना. मागून बॅटरी मारून आत बुरशी आहे का बघितली, कडी फिरवून बघितली, डोळ्याला लावली, परत फिरवली. माझा जीव वरखाली. मग माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "ही अंधारी आहे बे, मल्लू. लांब आहे, पण उजेड आत घेत नाही. संध्याकाळी हिच्यातून काय दिसणार?"

आता इथं माझी बुद्धी कुठं गेली ते सांगतो. लहानपणी आप्पा मला जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात न्यायचे. तिथं मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. ज्याला बैल घ्यायचा नसतो तो कौतुक करून पुढं जातो. ज्याला घ्यायचा असतो तो थांबतो, दात बघतो, खूर बघतो, शेपटी ओढतो आणि नावं ठेवायला लागतो. बैल अडेल आहे, खांदा बसलाय, चालताना पाय टाकतो कसा बघा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायच्या आधी खोड काढायचीच, ही रीत. तेव्हा गनीनं दोनशेची पाच मिनिटं हातात धरली, बॅटरी मारली आणि वर खोड काढली म्हटल्यावर मला वाटलं, धरला चोर! ह्याला हीच पाहिजे. मित्र असला तरी गिऱ्हाईकच की.

गनी म्हणाला, तू आधी घे, मी उरलेली घेतो. त्यावरून तर माझी खात्रीच पटली. तरी मी अगदीच गाढव नव्हतो, तपासल्याशिवाय घेतली नाही. गच्चीवर गेलो, कॅमेऱ्याला लावली आणि गिरणीच्या चिमणीवर रोखली. भर दुपार, आपलं सोलापूरचं ऊन. चिमणीवरची गिरणीच्या नावाची अक्षरं अशी ठसठशीत दिसली की विटांमधले सांधेसुद्धा मोजले. एवढ्या लांबचं एवढं स्पष्ट! खाली उतरलो आणि ठरलं म्हणून सांगितलं. गनी तोवर सोप्यातच होता. मास्तरांच्या पत्नी अंधाऱ्या कोपऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांच्यावर एकशेपस्तीसची रोखून तो त्यांना बोलतं करत होता. म्हणाला, बरं, मग ही माझी.

चिमणी जागची हलत नाही आणि ती दुपारी बघितली होती. कबड्डी चार वाजता सुरू होते, रंगते साडेपाचला, आणि खेळाडू जागचा न हलला तर बादच होतो. एवढं साधं गणित मला त्या गच्चीवर सुचलं नाही, कारण मी लेन्स बघतच नव्हतो, गनीच्या तोंडावरून काढून घेतलेला घास बघत होतो.

पहिल्याच सामन्याला समजलं. मैदानावर पाणी मारून माती बसवलेली, फक्कीच्या ताज्या रेघा, आणि लोक रेघेला पाय लावून बसलेले. गनी त्यांच्यातच मांडी घालून बसला. मी बसलो तर माझ्या लेन्समध्ये एकेकाचा नुसता गुडघा नाहीतर कान येऊ लागला. म्हणून मागं सरकलो. मागं गेलो तर पुढं फेट्यांची आणि टोप्यांची रांग. शेवटी कोपऱ्यात डांबराचं रिकामं पिंप पडलं होतं त्यावर चढलो. तिथून दिसायला लागलं तोवर ऊन उतरलं. उजेड कमी झाल्यावर शटर सावकाश ठेवावं लागतं, आणि शटर सावकाश ठेवलं की पळणारा माणूस पुसल्यासारखा येतो. रात्री फिल्म धुतली. छत्तीस फोटोंत कुणाचंही तोंड ओळखू येईना. धूळ मात्र सुंदर आली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात गनीचा फोटो. चढाई करून परत झेपावणारा गडी, हवेत आडवा, जीभ दातांत धरलेली, बोट मध्यरेषेला टेकतंय न टेकतंय. खाली अब्दुल गनी. मी तो फोटो चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या बघितला, वाईट काय सापडतंय का ते तीन वेळा शोधलं आणि चहा तसाच ठेवून निघालो. संध्याकाळी आप्पा गिरणीतून आले, हातपाय धुतले आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "गन्याचा फोटो झकास आलाय आज. सगळं खातं बघत होतं." आप्पांनी कुठल्याही फोटोला चांगलं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अव्वानं, माझ्या आईनं, आमटी वाढली ती मी नको म्हणालो. भूक नाही म्हणून सांगितलं.

मग मी म्हटलं, खेळ राहू दे, ही लेन्स माणसांचे चेहरे काढायला तरी वापरू. लांबच्या लेन्सनं चेहरा देखणा येतो, नाक पुढं येत नाही, मागचं सगळं विरघळून जातं, हे आम्ही दोघांनी एकाच पुस्तकात वाचलं होतं. पण माझा स्टुडिओ दहा फूट खोल. माझ्या दोनशेच्या लेन्सला पंधरा फुटांच्या अलीकडचं काही स्पष्टच दिसायचं नाही. चेहरा स्पष्ट घ्यायचा तर मला गल्लीच्या पलीकडं, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागायचं. गिऱ्हाईक आत स्टुलावर, मी गल्लीपलीकडं, मधून सायकली, हातगाड्या आणि शाळा सुटली की पोरांची रांग. एका नवऱ्या मुलीला मी तिकडून ओरडून सांगायचो, मान जरा डावीकडं, हनुवटी खाली, हसा की! दळणाला आलेल्या बायाच आधी हसायच्या. तिच्या एका फोटोत बरोबर टांग्याचा घोडा आला. तिच्या मामानं तो फोटो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ह्यातली नवरी कुठली?

तो मामा पुढच्या आठवड्यात भाचीला गनीकडे घेऊन गेला. गनीच्या काचेच्या कपाटात तोवर चेहऱ्यांची रांगच लागली होती. विडी वळणाऱ्या तेलुगू बाया, जत्रेतला फुगेवाला, एक म्हातारा विणकर. प्रत्येकाच्या डोळ्यांत खिडकीचा उजेड आणि मागं नुसती मऊ सावली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. दूधवाल्याकडे जायचं तर सरळ वाट टाकून मशिदीमागून वळसा घालायचो. अव्वा म्हणायची, दूध नासतं की रे एवढ्या वेळात.

हेवा ही चीज विचित्र आहे. वैऱ्याचा कुणी हेवा करत नाही, वैऱ्याला शिव्या दिल्या की मोकळं होता येतं. हेवा करायला माणूस जवळचा लागतो, आणि तो चांगला असला तर विचारूच नका. गनी वाईट असता तर माझी सुटका झाली असती. पण तो दर दोन दिवसांनी येऊन विचारायचा, मल्लू, एक दिवस माझी घेऊन बघतोस का बे? मी म्हणायचो, नको, मला हिचा हात बसलाय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आपल्याला चुकीचा सल्ला देणारा माणूस विसरता येतो. बरोबर सल्ला देणारा, आणि तोही आपण ऐकलेला नसताना, तो डोळ्यांसमोर हिंडता कामा नये असं वाटतं.

मोसमाचा शेवटचा सामना आप्पांच्या गिरणीच्या संघाचा होता. त्यामुळे आप्पा आले. मी काम करतो त्या जागी ते पहिल्यांदाच येत होते. खात्यातल्या लोकांबरोबर रेघेजवळ बसले, डोक्यावर टोपी, खांद्यावर घोंगडी. मी मनात म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. चार वाजल्यापासून मी पिंपावर उभा. वेळूच्या काठीवर लेन्स टेकवली, श्वास धरला, गडी थांबेल तो क्षण पकडायचा असं ठरवलं. आप्पांकडे एकदा बघितलं. त्यांनी लगेच मान फिरवून मैदानाकडे बघायला सुरुवात केली, चेहरा तोच, ओळखपत्राचा. मग मी तिकडं बघितलंच नाही. गिरणीनं सामना मारला, शेवटची पकड माझ्याच कोपऱ्यात झाली, पाच जणांनी मिळून गडी मातीत दाबला. आणि फिल्म धुतली तर धुराचा लोट. पेपरात आला गनीचा फोटो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गनी स्टुडिओत आला. मोठा लिफाफा पुढं ठेवला आणि बसला. मी उघडला. आत आप्पा होते. टोपी मागं सरकलेली, घोंगडी खांद्यावरून उतरलेली, तोंड जरा उघडं, गालांवर चुण्या, आणि डोळे असे की त्या माणसाला मी कधी भेटलो नव्हतो. हसू म्हणावं तर तेवढं नव्हतं. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं की माणसं हात न लावता, पण लावायच्या तयारीत बघतात, तसं काहीतरी. एकेक पापणी दिसत होती. मी तो कागद धरला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सामने घेतलेस, पेपर घेतलास, नवऱ्या मुली घेतल्यास, आता हेही? माझ्या बापाचा फोटो काढायचं तुला काय कारण होतं, असं मी मोठ्यानं विचारलं. आणखीही बोललो. लेन्स तू मला मुद्दाम चुकीची गळ्यात मारलीस, असंही बोललो. तसं नव्हतं हे त्याला माहीत होतं, मलाही होतं.

गनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो कुणाकडे बघतोय ते विचार की."

मी म्हटलं, खेळाकडे बघतायत, दुसरं काय.

"खेळ कुठं चालू होता बे? मध्यंतर होतं. सगळे पाणी प्यायला उठले होते. तू पिंपावर चढून शर्टाच्या टोकानं लेन्स पुसत होतास. अख्खं मध्यंतर तो तुझ्याकडेच बघत होता. मी आधी तुलाच हाक मारणार होतो. मग म्हटलं, नको. मल्लूनं मान वळवली की म्हातारा तोंड फिरवणार."

त्यावर मी बहुतेक चहा मागवला असणार, कारण गनी चहा पिऊन गेला एवढं आठवतं. फोटो मी आप्पांना दाखवला. त्यांनी लांब धरून बघितला, ही टोपी जुनी झाली म्हणाले आणि परत दिला. कुणाकडे बघत होतात असं विचारायचं मी दोनदा ठरवलं. त्यांच्याशी असलं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. चार वर्षांनी आप्पा गेले, तेव्हा भिंतीवर लावायला दुसरा धड फोटो नव्हताच. येणारे-जाणारे आजही म्हणतात, पोरगा फोटोग्राफर म्हणून बापाचा असा फोटो निघाला. पुष्कळ वर्षं मी ते ऐकून नुसती मान हलवली आहे. गनीसमोरसुद्धा एकदा हलवली.

पुढं गनी रंगीत फोटोंकडे वळला आणि ती एकशेपस्तीसची त्यानं मला देऊन टाकली. मी तिच्यातून हजारभर तरी चेहरे काढले असतील. चांगले आले, पेपरात आले, खाली माझं नावही आलं. कुणालाही वाटेल, लेन्स मिळाली म्हणजे माझं जळणं थांबलं असेल. कसं थांबावं? आप्पा माझ्याकडे एकदा तसं बघत होते, आणि ते बघताना ज्यानं त्यांना प्रत्यक्ष बघितलं तो माणूस मी नाही, गनी आहे. माझ्या वाट्याला कागद आला.